पाळण्याचं बिल

आठ महिने ब्लॉग बंद होता. दोघा-तिघांनी मेल करून विचारलंही, "काय, स्टॉक संपला का?" स्टॉक नव्हता संपला, वेळ संपला होता. कारण सहा महिन्यांचं आहे आणि सध्या पालथं पडायला शिकतंय. :)

तर रजा संपली आणि मी पुन्हा हापिसात रुजू झाले. त्याआधी पंधरा दिवस नवरा आणि मी रोज रात्री एक एक्सेल शीट उघडून बसत होतो. घराजवळचं पाळणाघर महिना १६ हजार. संध्याकाळी साडेसहानंतर प्रत्येक अर्ध्या तासाला २०० रुपये जादा. बाळाला ताप असेल तर आणू नये, फी मात्र तीच. कंपनीचं 'टाय-अप' असलेलं पाळणाघर स्वस्त आहे, पण ते १४ किलोमीटरवर. कायद्यात आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायला जायची मुभा आहे. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये १४ किलोमीटर चार वेळा जाऊन-येऊन उरलेल्या वेळात कोडिंग करायचं, असं बहुधा कायदा करणाऱ्यांच्या मनात असावं.

शीट पाहून भडगावहून आत्याचा फोनवर निकाल आला, "तुझा एवढा पगार जर त्याच्यातच जातोय तर नोकरी करतेस कशाला?" आत्याचं सोडा, माझ्या बरोबरीच्या मैत्रिणीही हेच गणित मांडतात. पाळणाघराची फी नेहमी आईच्याच पगारातून वजा करून बघायची. बापाच्या पगारातून ती वजा करून "मग हा नोकरी करतो कशाला?" असं विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. आमच्या शीटमध्ये मी तो कॉलम दोघांच्या बेरजेखाली सरकवला. आकडे तेच राहिले, पण प्रश्न बदलला.

हा प्रश्न आयटीवाल्यांनी शोधून काढलेला नाही, तो आमच्या घरातच तीन पिढ्या आहे. आईची आई, तिला आम्ही सगळे 'माय' म्हणायचो, पाचोऱ्याकडच्या एका जिनात जायची. ज्यांना जिन म्हणजे दारू किंवा जीन्स वाटते त्यांच्यासाठी: कापसातून सरकी वेगळी करून रुई काढायची ती जागा. खान्देशात दिवाळीनंतर जिनं सुरू होतात आणि होळीच्या आगेमागे थंडावतात. बायका रेच्यावर कापूस टाकतात, सरकी ओढतात, रुईच्या धुळीत दिवसभर उभ्या राहतात. माय जिनात गेली की घरी झोळीतल्या पोराला झोका द्यायला राहायची माझी मोठी मावशी. पोर म्हणजे माझा मामा. मावशी चौथीत होती, पाचवीत गेलीच नाही. आजही शाळेचा विषय निघाला की ती अहिराणीत एकच वाक्य बोलते, "शाळा मी सोडी नही, सोडनी पडनी."

म्हणजे मायच्या पाळणाघराची फी मावशीने भरली. ही फी कुठल्याच शीटमध्ये येत नाही. बाळंतपणाच्या कायद्यांचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा माझ्या डोक्यात हाच प्रश्न होता: बिल कुणाच्या नावावर फाटलंय?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करता येते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६० च्या दशकात, इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा खान्देशच्या कापसाला भाव आला. रेल्वे आली, जिनं आणि प्रेस उभे राहिले, १८७० च्या दशकात जळगावला कापड गिरणीही सुरू झाली. (तीच खान्देश मिल. ती बंद पडून जमाना झाला, त्या जागेवर आता मॉल आहे.) हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो लागू कुणाला? जिथे यंत्रशक्तीवर काम चालतं, १०० किंवा अधिक माणसं आहेत आणि जो कारखाना वर्षात चार महिन्यांहून जास्त चालतो, त्याला. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही अट वाचताच कळेल की इथे 'बॉर्डर केस' कुठे आहे. जिनाचा हंगामच जेमतेम तेवढा. बहुतेक जिनं कायद्याच्या जाळीतून सरकीसारखी अलगद खाली पडली.

त्या कायद्यात तसाही बायकांसाठी काही नव्हतं, तो मुख्यतः लहान मुलांच्या मजुरीपुरता होता. पण पुढे १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं, तेव्हा त्याच्यासमोर खान्देशातल्या जिनांबद्दल जी साक्ष झाली ती वाचून हादरायला होतं. पहाटे चार-पाचपासून रात्री नऊ-दहापर्यंत काम, त्यात बहुसंख्य बायका. हंगाम ऐन भरात असला की त्याच मजुरांकडून आठ-आठ दिवस रात्रंदिवस काम, आणि ते थकले की दुसरी टोळी. या बायकांच्या तान्ह्या मुलांचं काय होत असेल, याचा आकडा कुणी मागितलेला मला दिसला नाही. १८९१ च्या दुरुस्तीत बायकांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आली, १०० माणसांची अट ५० वर आली. हंगामी कारखाने खऱ्या अर्थाने कायद्यात आले ते १९११ मध्ये. साक्षीनंतर पाव शतकाने!

मुलांबद्दलचा आकडा मिळतो तो मुंबईत. तिथल्या गिरण्यांत १९२० च्या दशकात साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. सरकारने डॉ. बार्न्स या लेडी डॉक्टरांना गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला सांगितलं. १९२२ च्या त्यांच्या अहवालातला एक आकडा पुढे सगळीकडे उद्धृत झाला: या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती. 'बाळगोळी' नावाने ती मिळायची. आई साच्यावर उभी, बाळ चाळीतल्या खोलीत गुंगीत. आजच्या भाषेत सांगायचं तर हा बाजारातला सगळ्यात स्वस्त डे-केअर प्लॅन होता. त्या आयांना नावं ठेवणारे लेख तेव्हाही पुष्कळ लिहिले गेले. पण दहा तासांच्या पाळीला दुसरा कुठला पर्याय त्या खोलीत उपलब्ध होता, ते मला त्या लेखांत सापडलं नाही.

आता कायद्याकडे. १९१९ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा करार झाला, १२ आठवड्यांचा. ना. म. जोशींनी १९२४ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात विधेयक आणलं, ते नामंजूर झालं. मग मुंबई कौन्सिलमध्ये आसवले यांनी विधेयक आणलं आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याच्या बाजूने बोलायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले.

हे भाषण मी तीनदा वाचलं. आपल्याकडे "बाबासाहेबांनी बाळंतपणाची रजा दिली" एवढं एका ओळीत सांगून पुढे जातात, पण त्यांचा युक्तिवाद त्याहून बारीक आहे. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे, आणि म्हणून तिचा बोजा मुख्यत्वे सरकारनेच उचलला पाहिजे, हे ते सुरुवातीलाच मान्य करतात. पण सरकार तो उचलत नाही, एवढ्या कारणाने मालक सुटतो का? नाही. मालक बाईला कामावर ठेवतो तो तिच्यापासून त्याला जास्त फायदा होतो म्हणून, तेव्हा त्याने खर्चाचा वाटा उचलणं रास्तच आहे. थोडक्यात, हे बिल समाजाचं आहे, आणि समाज पुढे येईपर्यंत मालकाने भरावं.

१९२९ चा मुंबईचा कायदा देशातला अशा प्रकारचा पहिला. दिवसाला आठ आणे, सात आठवडे, पैसे मालकाने द्यायचे. इथेच एक गोम राहिली. खर्च ज्या मालकाकडे बाई आहे त्याच्याच एकट्याच्या खिशातून जाणार असेल, तर बाई न ठेवणं हा खर्च टाळायचा सोपा मार्ग होतो. मुंबईच्या गिरण्यांतल्या बायका पुढच्या चार दशकांत मूठभर उरल्या. हे फक्त या कायद्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीची बंदी होती, नवी यंत्रं आली, 'रॅशनलायझेशन' आलं, आणि जी खाती बंद झाली ती नेमकी बायकांची होती. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. पण मालकांच्या हिशोबात हे आठ आणे धरलेच गेले नसतील, यावर माझा विश्वास बसत नाही. इंटरव्ह्यूमध्ये "लग्न कधी करणार?" हा प्रश्न मलाही विचारला गेला आहे.

गोम दुरुस्त करायची युक्ती तशी जुनीच आहे: विमा. सगळ्या मालकांनी आणि कामगारांनी थोडे थोडे पैसे एका हंड्यात टाकायचे, आणि बाळंतपण कुणाचंही असो, पैसे हंड्यातून द्यायचे. मग बाई ठेवली काय आणि पुरुष ठेवला काय, मालकाची वर्गणी तेवढीच. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितली, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते डॉ. आंबेडकर. आडारकरांचा अहवाल १९४४ चा, त्यातून निघाला १९४८ चा ईएसआय कायदा, आणि १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत योजना सुरू झाली. बाळंतपणाचा भत्ता त्यात आहे. मला हा आपल्या कामगार कायद्यांतला सगळ्यात डोकेबाज तुकडा वाटतो, आणि त्याबद्दल कुणीही कधीही बोलत नाही.

पण (हा 'पण' येणारच होता) दोन गोष्टी राहिल्या. एक म्हणजे त्याला पगाराची कमाल मर्यादा आहे, २०१७ मध्ये ती २१,००० रुपये झाली. म्हणजे आमच्यासारख्या पगारवाल्या हंड्याच्या बाहेर. आमच्या रजेचा पगार पुन्हा एकट्या कंपनीच्या खिशातून, १९२९ सारखाच. २०१७ मध्ये रजा १२ वरून २६ आठवडे झाली तेव्हा तर हा बोजा दुपटीहून वाढला. नोव्हेंबर २०१८ मध्ये केंद्राच्या कामगार मंत्रालयाने त्यातल्या काही पगाराची भरपाई कंपन्यांना द्यायचा प्रस्ताव जाहीर केला होता. किती आठवड्यांची? सात. १९२९ चाच आकडा, योगायोगाने. तो प्रस्तावच राहिला.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हंडा झाला तो रजेपुरता. रजा संपल्यावर बाळ कुठे ठेवायचं, त्यासाठी हंडा कुणी केलाच नाही. तिथे चालू राहिला तो 'किती बायका?' हा खेळ. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यात ५० हून जास्त बायका असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली ठेवायला लावणारे नियम प्रांतांना करता येतील, असं आलं. १९४८ च्या कायद्यात ५० हून जास्त बायका असतील तर पाळणाघर सक्तीचं झालं, १९७६ मध्ये ती अट ३० वर आली. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात पुन्हा ५० बायका. ज्याने आयुष्यात एकदा तरी 'इफ' कंडिशन लिहिली आहे त्याला सांगायला नको की अशी अट बायकांच्या संख्येवर लावली की एकतिसावी बाई सगळ्यात महाग पडते. २०१७ च्या दुरुस्तीत एक बदल फार चांगला झाला: मोजायच्या त्या बायका नाहीत, तर एकूण कर्मचारी, ५० किंवा अधिक. त्यातले सगळे पुरुष असले तरी पाळणाघराची सोय हवीच. हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. फक्त 'सोय' म्हणजे नेमकं काय, फी कुणी भरायची, हे २०१७ च्या कलमात स्पष्ट नव्हतं. त्यातूनच आमचं १४ किलोमीटरवरचं टाय-अप निघालं असावं.

हे सगळं वाचताना मावशी डोक्यातून जात नव्हती. कायद्याने मोजलं ते कामावरच्या बायकांना. घरी झोका देणारी नऊ वर्षांची मुलगी कुठल्या रजिस्टरमध्ये येणार?

ती मोजणारी दोन माणसं मला सापडली ती मालक-मजुरांच्या जगात नाही, शिक्षणाच्या जगात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी खेड्यातली बालवाडी सुरू केली, आणि १९५० च्या दशकात आदिवासींमध्ये काम करायला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे त्यांना दिसलं की मोठी मुलं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटी भावंडं असतात. यावर उपदेश करण्याऐवजी त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या. विकासवाडी. ताईने धाकट्याला घेऊन यायचं, त्याला पाळणाघरात सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. इतकं साधं! मावशीच्या शाळेत एक झोळी टांगायची सोय असती तर ती पाचवीत गेली असती, यात मला शंका नाही.

'अंगणवाडी' हा शब्दही त्यांच्याच कामातून रुळला, आणि १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा तो देशभर गेला. शब्द गेला, पण पाळणाघर मागे राहिलं. अंगणवाडीत बसवतात ते तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तास. तीनच्या खालच्यांना लसीकरण, वजन आणि घरी न्यायचा आहार. म्हणजे असं बघा, रजा संपते बाळ सहा महिन्यांचं असताना आणि अंगणवाडी दार उघडते तीन वर्षांनी. मधली अडीच वर्षं कुणाची? राष्ट्रीय पाळणाघर योजना आल्या, नावं बदलत गेली, २०२२ पासून 'पालना' आहे, त्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची कल्पना आहे. कल्पना कोसबाडचीच, फक्त साठ-पासष्ट वर्षं उशिरा.

आमच्या पाळणाघरात ज्या ताई माझ्या बाळाला सांभाळतात त्या मराठवाड्यातल्या. त्यांची स्वतःची दोन वर्षांची मुलगी गावी आजीकडे आहे, कारण पाळणाघराची फी त्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे. मी हे त्यांच्याकडून सहज गप्पांत ऐकलं. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. शीटमध्ये मला १६ हजार महाग वाटत होते. त्याच १६ हजारांत जागेचं भाडं, दूध, मालकिणीचा नफा आणि ताईंचा पगार बसवायचा असेल, तर ताईंच्या वाट्याला काय येणार? माझी फी परवडावी म्हणून कुणाचा तरी पगार कमी आहे, आणि तो पगार परवडावा म्हणून एक आजी गावी बांधलेली आहे. हंडा नसला की बिल असं खाली खाली सरकत जातं. यावर माझ्याकडे पॅच नाही. पाळणाघराचाही ईएसआयसारखा हंडा का नसावा, एवढं मात्र मला खरंच कळत नाही. वर्गणी बापांच्या पगारातूनही जाईल, हीच अडचण आहे का?

शेवटी पुन्हा जिनाकडे. १९४८ चा ईएसआय कायदा उघडून त्याची व्याप्ती वाचली: सगळे कारखाने, 'हंगामी कारखाने सोडून'. हंगामी म्हणजे काय, याची यादी पुढे दिली आहे. कॉफी, लाख, रबर, साखर, चहा, अगदी नीळसुद्धा. यादीत पहिलं नाव कापूस जिनिंगचं. मायला जिनात ईएसआय का नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग २०२० ची नवी संहिता उघडली. ईएसआयचं प्रकरण दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना लागू, हंगामी कारखाने सोडून. व्याख्येत पहिलं नाव कापूस जिनिंगचंच आहे.

हंड्याच्या बाहेर राहिलेल्या या बाईला रजेचा पगार थेट मालकाकडे मागता येतो, कायद्याने तो तिचा हक्क आहे. अट एवढीच की बाळंतपणाआधीच्या १२ महिन्यांत तिचे ८० दिवस भरलेले असावेत. खान्देशात जिनाचा हंगाम चारेक महिन्यांचा, आणि ते ८० दिवस लिहिलेले असतात मुकादमाच्या वहीत.